तिसऱ्या रविवारची खुर्ची

मुंबईला जॅझ वाजवणाऱ्यांवर लिहायला चालले आहे म्हटल्यावर आईने विचारलं, "म्हणजे हॉटेलात जावं लागेल का गं?" आणि बाबांनी विचारलं, "त्यांची युनियन आहे का?" दोन्हींचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आमच्या इचलकरंजीत सॅक्सोफोन दिसायचा तो लग्नाच्या वरातीत, आणि आता वरातीतही दिसत नाही, तिथे टेम्पोवर चढवलेले स्पीकर आले. आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढीगभर. सभेची, मोर्चाची, बोनसची. 'झालाच पाहिजे' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागले होते. त्यामुळे मुंबईला जातानाच मी मनात ठरवून टाकलं होतं की तिथे अन्याय असणार, तो मी शोधणार आणि लिहून काढणार.

अन्याय सापडला. पण मी आणलेल्या पिशवीत तो मावेना.

गुरुवार, लालबाग

परब काकांची खोली मसाला गल्लीच्या मागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. एप्रिल महिना, म्हणजे वर्षाचा मसाला कुटून घ्यायला मुंबईभरच्या बायका इथे लोटलेल्या. यंत्रांची धडधड, हवेत लाल धूळ. जिना चढेपर्यंत मी अकरा वेळा शिंकले. दार आधीच उघडं होतं.

"ये, ये," आतून आवाज आला. "नवीन माणूस आला की शिंकतच येतो. आम्हाला बेल बसवायची गरजच पडली नाही."

बोलणारे परब काका. वय एकाहत्तर, अंगाने बारीक, इस्त्रीचा शर्ट. बोलताना तोंडावर हात धरत होते. मला वाटलं लाजतात. मग कळलं, वरचे दात नाहीत. कवळी होती, पण ती खिडकीत पाण्याच्या पेल्यात ठेवलेली.

काकांचं सगळं आयुष्य टेनर सॅक्सोफोनवर गेलं. हे वाद्य म्हणजे पितळेची एक वाकडी नळी, कमरेपर्यंत लोंबणारी. परळमध्ये एक म्हातारे गोवेकर मास्तर बॅण्डच्या पोरांना नोटेशन वाचायला शिकवत, त्यांच्याकडे काका लहानपणी गेले. "मास्तर म्हणायचे, नोटेशन वाचणारा उपाशी राहत नाही," काका म्हणाले. "अर्धं खरं झालं." आधी वरातींत वाजवलं. मग हॉटेलांतल्या नाचाच्या बॅण्डमध्ये. मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, जिथे साठ जण एका दमात वाजवत आणि एकाची चूक झाली की साठ जण त्याच्याकडे वळून बघत. मग कीबोर्ड आला. "एका माणसाच्या दहा बोटांत आम्ही सगळे मावलो," काका म्हणाले. त्यानंतर एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत बसले. तिथला मॅनेजर रोज बजावायचा, पाहुण्यांचं बोलणं पाहुण्यांना ऐकू आलं पाहिजे इतपतच वाजवा. आत जायचं ते मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून, भाजीच्या क्रेटांबरोबर.

माझं डोकं तिथेच तापलं. ज्याच्या वाजवण्यासाठी बाहेर पाटी लावता त्याला कोबीबरोबर वर चढवता? मी तसं म्हटलंही.

"कोबी गप असतो," काका म्हणाले. "पाहुण्यांपेक्षा बरा."

सुलभा काकींनी ताट वाढलं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची आमटी. आमच्याकडे वाटाणा पांढरा किंवा हिरवा, काळा म्हटलं तर करपला का विचारतील. या आमटीत खोबरं भाजून वाटलेलं, आणि खालच्या गल्लीतलाच मसाला. मी तिसरी आंबोळी घेतली तेव्हा काकींनी खुशीत मान हलवली आणि मग नवऱ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "सांगलात काय तिका? काय करून ठेवलात ता सांगा."

काकांनी खाली बघितलं. मग सांगितलं, आणि मी चार दिवस मुंबईत कशासाठी राहिले ते त्यातच आहे.

एका रविवाराआड दुपारी दादरमधल्या एका हॉलमध्ये जुन्या पद्धतीचा नाच असतो. जोडीजोडीने, साठीच्या पुढची माणसं. त्यांच्यासाठी बारा जणांचा बॅण्ड आहे, स्विंग वाजवणारा, म्हणजे जॅझचा तो प्रकार ज्यावर पाय आपोआप हलतात. काकांची उरलेली एकमेव नोकरी म्हणा, मान म्हणा, ती या बॅण्डमधली टेनरची खुर्ची. एकवीस वर्षं त्यांची.

या लोकांत एक जुना रिवाज आहे. वादक येऊ शकला नाही तर त्याने स्वतः आपला बदली शोधून पाठवायचा. बदलीने खुर्चीत बसायचं, पण एकट्याचा भाग आला की उभं राहायचं नाही. उभं राहून वाजवण्याचा मान खुर्चीवाल्याचा, बदलीने तो भाग बसूनच वाजवायचा. आणि तोच बदली लागोपाठ तीन वेळा चोख वाजवून गेला, की चौथ्या खेपेपासून खुर्ची बदलीची.

काकांनी दात काढून घेतले तेव्हा एक रविवार गेला. नव्या कवळीने हिरड्या सोलल्या तेव्हा दुसरा. येणारा रविवार तिसरा.

"हे लिहून कुठे ठेवलंय?" मी विचारलं.

"काय?"

"हा नियम."

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत आहे."

"आणि आजारपणाची रजा?"

काका हसले, तोंडावर हात न धरता. तेव्हा मला त्यांच्या हिरड्या दिसल्या, अजून लालच होत्या.

"ता ऱ्हवांदे," काकी म्हणाल्या. "पाठवल्यानी कोणाक ता इचार. सगळी दुनिया आपल्यापेक्षा कच्चो बदली पाठवता. शाण्या माणसाची रीत हा ती. आणि ह्येंनी कोणाक पाठवला? श्रद्धाक! ह्येंच्यापेक्षा बरा वाजवता ता चेडू! दुसरा कोण गावूक नाय तुमका?"

"गावले ना," काका पुटपुटले. "दोघे होते. पण जिना?"

श्रद्धा म्हणजे काकांचीच शिष्या, हे मग कळलं, आणि जिना म्हणजे काय तेही. बॅण्डच्या एका संथ चालीत टेनरला अगदी वरच्या स्वरापासून तळापर्यंत पायरी पायरीने उतरायचं असतं, एका श्वासात. मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. बॅण्डमध्ये त्या उतरणीला जिना म्हणतात. काकांच्या ओळखीतले दोन्ही टेनरवाले तिथे एकदोन पायऱ्या गाळतात.

"आपण घरी पडलेलो, आणि तिकडे कुणी माझा जिना फोडतोय," काका म्हणाले. "झोप लागली असती का मला?"

खुर्ची वाचवायची तर कच्चा माणूस पाठवायला हवा होता. यांनी चाल वाचवली.

शुक्रवार, खोताची वाडी

रात्री परळला मैत्रिणीकडे उतरले होते. झोपण्याआधी मी पत्रक लिहून काढलं. 'वादक हाही कामगारच! आजारपणाची रजा मिळालीच पाहिजे! दुखण्यावर खुर्ची काढून घेणाऱ्या प्रथेचा धिक्कार!' उद्गारचिन्हं आमच्या घरात कधी कमी पडली नाहीत. सकाळी ते पर्समध्ये घालून मी बॅण्डच्या म्होरक्याला भेटायला गिरगावात गेले.

खोताची वाडी शोधताना दोनदा तिच्यासमोरून पुढे गेले. हमरस्त्याला एवढीशी फट, आणि आत शिरलं की लाकडी घरं, रंगीत कठडे, कुंड्या, वाटेत मधोमध पसरलेली मांजर. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तेव्हा मी आणि स्कूटरवाला, दोघांनी एकमेकांना "तुम्ही आधी" म्हटलं. आमच्याकडे असल्या प्रसंगी आधी आवाज चढतो.

बॅण्डचे म्होरके आल्फी काका, ट्रम्पेट वाजवतात. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे. शहात्तर वय, खांदे मात्र पहिलवानाचे. ओट्यावर बसून ट्रम्पेटच्या खिट्ट्यांना तेल देत होते. मी कोण, कुठली, सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"परबने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"मग बस. परबने पाठवलं असतं तर उभं ठेवलं असतं."

आतून त्यांच्या सुनेने फुगे आणून ठेवले. फुगे म्हणजे तळलेले मैद्याचे गोळे, आंबवलेले, आत पोकळ. सोबत बाटलीत भरून ठेवतात त्या मसाल्यातलं कोंबडीचं कालवण. मी फुगा हातात धरूनच भाषण केलं. आजारी पडणं हा गुन्हा नाही. एकवीस वर्षांची चाकरी दातांपायी संपवणं ही माणुसकी नाही. तुम्ही प्रमुख आहात, हा नियम तुम्ही मोडला पाहिजे.

आल्फी काकांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"झालं? आता खा, गार होतंय." मग म्हणाले, "मला ही खुर्ची कशी मिळाली, माहीत आहे? मी बदली होतो. ज्याची होती तो अंकल मला लई आवडायचा. तिसऱ्या वेळी मी देवाला म्हटलं, याला बरा कर. आणि त्याच तोंडाने म्हटलं, अजून एक दिवस आजारी ठेव. दोन्ही खरं होतं, बाय."

"पण ते चूक आहे ना?"

"कोणासाठी? हा नियम नव्हता तेव्हा माणसं खुर्ची मरेपर्यंत धरायची. श्वास नाही, दात नाहीत, पण नाव यांचंच. पोरं दहा दहा वर्षं बदली. बाकी बॅण्डांत अजून तसंच चालतं. तू परबची वकिली करते, कर. त्या मुलीची कोण करणार?"

मी फुगा चावला. फुगा चांगला होता.

"मी परबसाठी नियम मोडला," ते ट्रम्पेट पेटीत ठेवत म्हणाले, "तर उद्या माझा श्वास संपेल तेव्हा मला खुर्चीवरून कोण उठवणार?"

पत्रक पर्समध्येच राहिलं. निघताना त्यांनी वाटेपर्यंत सोबत केली आणि एकदम म्हणाले, "त्याला सांग, आल्फीने सांगितलं नाही म्हणून सांग, रविवारी नुसता आला आणि वाजवलं तरी पुरे. कसं का असेना." मग मान हलवून, "नाही, नको सांगू. कसंही वाजवायला तो यायचाच नाही."

शनिवार, कॉटन ग्रीन

चाळीत सॅक्सोफोनचा सराव करता येत नाही. एक बारावीचं पोर, एक रक्तदाबाचे आजोबा आणि एक रात्रपाळीवाला यांच्या मधे काकांची खोली आहे. म्हणून काका वर्षानुवर्षं कॉटन ग्रीनच्या एका गोदामात जातात. तिथला पहारेकरी गाववाला. एके काळी कापसाच्या गाठी असायच्या, आता रंगाचे डबे आणि टाइल्स. भिंती जाड, छप्पर उंच, कबुतरं सोडून कुणाची तक्रार नाही.

श्रद्धा आमच्या आधी येऊन बसली होती. चोवीस वर्षांची, घोडपदेवला राहणारी, पाठीवर सॅक्सची पेटी. तिचे वडील लग्नाच्या बॅण्डमध्ये कॉर्नेट वाजवत, आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. ती हॉटेलात रविवारच्या सकाळी वाजवते आणि मोबाइलवर कॅनडातल्या कुणा गुजराती डॉक्टरला सॅक्स शिकवते. "मास्तर, आज काय लावलंय तोंडाला?" हा तिचा नमस्कार.

"मेण," काका म्हणाले.

गेल्या महिनाभरात त्यांनी कवळी पक्की बसावी म्हणून काय काय केलं त्याची यादी श्रद्धाने मला ऐकवली. दंतवैद्याची पावडर, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मेणबत्तीचं मेण. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकावर टेकतात. कवळी सैल असली की ती स्वराबरोबर थरथरते. काकांनी सुरुवात केली, आणि खरंच, प्रत्येक स्वरामागे एक बारीक खडखड येत होती, डब्यात वाटाणे हलवल्यासारखी. मग मेण सुटलं. कवळी सॅक्सोफोनलाच चिकटून बाहेर आली.

काकांनी कवळीकडे बघितलं. मग काकाच हसले, आणि श्रद्धा गोदामाच्या भिंतीला टेकून बसेपर्यंत हसली.

काकांनी कवळी रुमालात गुंडाळली. "गोवेकर मास्तर दोन्ही ओठ आत घ्यायचे," ते म्हणाले. "दात लागतच नाहीत." त्यांनी वरचा ओठ हिरडीवर दुमडला आणि फुंकलं. खडखड गेली. आवाज लहान झाला होता, पण मऊ, जरा धुरकट. छपरावरची कबुतरं शांत झाली.

अडचण जिन्याची. ओठांच्या कडेने हवा निसटत होती. वरून निघाले की तळाच्या दोन पायऱ्या आधीच श्वास संपे. पुन्हा केलं, तीन पायऱ्या आधी. सहाव्या वेळी त्यांच्या ओठावर रक्त दिसलं आणि श्रद्धाने सरळ वाद्य त्यांच्या गळ्यातून काढून घेतलं.

तेव्हा मी, वेळ साधून, पत्रक वाचून दाखवलं. उभं राहून. गोदामात घुमलंही छान.

श्रद्धाने शांतपणे ऐकलं. "ताई, भारी लिहिलंय. पण यात मी कुठे आहे?"

"तू?"

"म्हणजे मास्तरांना रजा मिळाली पाहिजे, बरोबर, मिळाली पाहिजे. आणि मी? मी अशीच फिरू का, याच्या जागी, त्याच्या जागी? बसून वाजव, उभी राहू नको. गेल्या वेळी मी जिना वाजवला ना, लोक नाचायचे थांबले. कोण वाजवतंय बघायला लागले. मी खाली मान घालून बसलेली."

"श्रद्धा," काका म्हणाले.

"मी काय चूक बोलले, मास्तर? मला तुमची खुर्ची नकोय. मला खुर्ची पाहिजे."

मी काकांकडे बघितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं.

"माझा बाप गिरणीत बदली होता," ते मला म्हणाले. "रोज सकाळी गेटवर जायचा. कुणी खाडा केला तर आत, नाही तर घरी. मी तिसरीत होतो तेव्हा बदली, माझं लग्न झालं तेव्हा बदली, गिरणी बंद पडली तेव्हाही बदलीच. त्याला कायम म्हणून कुणी कार्ड दिलं नाही. तुझ्या बाबांनी पत्रकं छापली असतील त्या लोकांसाठी, नाही?"

छापली होती. मी लहान असताना त्यांतल्याच एकावर घरचा अभ्यास केला होता.

"मग ह्यावर माझं नाव घालून छापू नको. तीन वेळांत बदलीला कायम करणारा एवढा एकच धंदा मी बघितला. त्याला मी कसा नाट लावू?" मग त्यांनी श्रद्धाकडे हात केला. "पण उद्या मी येणार. माझ्या पायाने येणार आणि वाजवणार. तू काळा ड्रेस घालून ये. मी पडलो तर तू आहेस."

मी अजूनही म्हणते की आजारपणाची रजा मिळालीच पाहिजे. त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण त्या दुपारी गोदामात दोन कामगार होते आणि खुर्ची एक, आणि मालक नावाचा माणूस शोधूनही सापडत नव्हता. तो हॉटेलच्या मॅनेजरच्या खोलीत असेल, कीबोर्डच्या कारखान्यात असेल. बारा खुर्च्यांच्या जागी शंभर का नाहीत, याचं उत्तर देणारा तिथे कुणी नव्हता.

परतताना श्रद्धाने आम्हाला रगडा पॅटिस खाऊ घातलं. काकांना ते दातांशिवाय खाता येत होतं, म्हणून मुद्दाम तेच निवडलं असावं.

रविवार, दादर

दुपारी साडेतीन. हॉल पहिल्या मजल्यावर, पंखे जुने, लाकडी जमीन पावडर टाकून घासलेली. नाचायला आलेली माणसं बघून मी चाटच पडले. पारशी आजी, ख्रिस्ती जोडपी, आणि शिवाजी पार्ककडचं एक मराठी जोडपं, ती नऊवारीत नाही पण चांगली काठापदराची नेसलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे साठीनंतर बाईने नवऱ्याचा हात चारचौघांत धरायचा तो रस्ता ओलांडताना. इथे धरून गिरक्या घेत होत्या.

सुलभा काकी आणि मी भिंतीजवळ बसलो. शेवटच्या रांगेत श्रद्धा, काळ्या ड्रेसमध्ये, पेटी मांडीवर. स्टेजवर चढण्याआधी परब काका माझ्यापाशी आले, खिशातून स्टीलची डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"दात आहेत. धर. हिच्याकडे दिले तर ती घरी जाईपर्यंत देणार नाही."

तर जॅझवाल्यांसाठी आवाज उठवायला आलेली मी, सबंध कार्यक्रमभर एका वादकाचे दात मांडीवर घेऊन बसले.

आल्फी काकांनी पायाने चार ठोके दिले आणि बारा जण एकदम वाजले. हे मी मोबाइलवर ऐकलं होतं. समोर बसून ऐकणं वेगळं. खुर्चीची लाकडी पाठ माझ्या पाठीला गुदगुल्या करत होती. परब काकांचा आवाज त्या गर्दीत मला वेगळा काढता येईना. काकी मात्र डोळे मिटून म्हणाल्या, "वाजवता हा. आसा त्येंचो आवाज."

पाचवी चाल ती संथ चाल. काका उभे राहिले. आल्फी काकांनी हात खाली केला, अगदी थोडा, आणि बाकीचा बॅण्ड बसल्यासारखा हळू झाला. इतका हळू की जमिनीवर बुटांची सळसळ ऐकू यायला लागली. तो मऊ, धुरकट आवाज एकटा वर गेला. मी मागे बघितलं. श्रद्धाची बोटं पेटीवर हलत होती, त्याच स्वरांवर.

जिना सुरू झाला. एक, दोन, तीन. मला स्वर कळत नाहीत, पण श्वास कळतो. अर्ध्यावर आले आणि मी डबी इतकी घट्ट धरली की तिची कड तळहातात रुतली. श्वास संपत होता.

काका थांबले.

मधल्या एका पायरीवर थांबले, सरळ. सॅक्सोफोन तोंडातच, स्वर नाही. ड्रमवाल्याने झाडूसारखी काडी एकदा फिरवली. जमिनीवरची जोडपीही थांबली, पण बघायला कुणी वळलं नाही. ती गिरकीच्या मध्यावर तोललेली राहिली, जणू ती जागा पहिल्यापासून तिथेच होती. म्हातारा माणूस जिन्याच्या मधल्या चौकात टेकतो, कठडा धरतो, तेवढाच वेळ. मग काकांनी श्वास घेतला, आम्हा सगळ्यांना ऐकू आला, आणि उरलेल्या पायऱ्या उतरून ते तळाला पोचले. जोडप्यांनी गिरकी पूर्ण केली.

काका खाली बसले. ओठ पुसला. उरलेली तिन्ही गाणी बसून, रांगेतल्या इतरांबरोबर, नेटाने वाजवली. खुर्ची त्यांची राहिली होती.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या पायऱ्यांशी आम्ही जमलो. मी डबी परत केली. काकांनी पाठ फिरवून दात बसवले आणि पुन्हा वळले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते.

श्रद्धा पेटी खांद्याला लावून उभी होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. आनंद होता, आणि आनंद होतोय याचा थोडा रागही असावा. "मास्तर," ती म्हणाली, "तो मधला श्वास नोटेशनमध्ये नाहीये."

"मग लिहून घे. तुला लागेल."

"मला कशाला? माझा एका दमात होतो."

"आत्ता होतो."

आल्फी काका ट्रम्पेट झटकत आले. त्यांनी परब काकांच्या पाठीत एक धपाटा घातला. परब काकाच म्हणाले, "आल्फी, पुढचे तीन रविवार मी आजारी आहे."

"तीन?"

"लागोपाठ."

आल्फी काकांनी आधी त्यांच्याकडे, मग श्रद्धाकडे बघितलं. "कसला आजार?"

"अजून ठरवलं नाही. गुडघा बरा वाटतो का?"

"गुडघ्याने कोण सॅक्सोफोन वाजवतं?"

"मग कंबर."

"अरे देवा," काकी म्हणाल्या. "वाजवलात ना आता बरोबर? मगे कित्याक?"

"वाजवलं म्हणूनच," काका म्हणाले. "नाही तर देण्यासारखं काय होतं माझ्याकडे?"

श्रद्धा रडेल असं मला वाटलं. ती भांडायला उठली. "मास्तर, हे चालणार नाही. मला भीक नको. आणि तुम्ही काय करणार? चौथ्या रविवारी तुम्ही काय करणार, सांगा! घरी बसून भिंतीकडे बघणार?"

काका सॅक्सोफोन पेटीत ठेवत होते. त्यांनी मखमलीवर तो नीट बसवला, दोन्ही कड्या लावल्या.

"तुला कधी ताप येणारच नाही का?" ते म्हणाले. "हॉटेलात तारीख लागणार नाही? बदली लागेल ना तुला. माझा नंबर आहे तुझ्याकडे."